‘मार्केट आहे, तुमच्या पोटात का दुखतं?’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मग लिहायला बसले. म्युझिक फेस्टिवलची तिकिटं रिसेलमध्ये (म्हणजे आधी घेतलेल्या माणसाकडून) जादा पैसे देऊन घेऊ नका असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं की माणूस शेअर विकतो, फ्लॅट विकतो, तसंच तिकीट विकलं तर बिघडलं कुठे, ज्याला परवडतं तो घेईल आणि ज्याला परवडत नाही त्याने सवाईला (पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला) जावं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की वडिलांच्या ऑपरेशनमुळे मागच्या वर्षी जाता आलं नाही म्हणून दोन तिकिटं विकली, वर थोडे पैसे घेतले, तर तुम्ही काळाबाजारी झालात का?

आधी याचंच उत्तर देते. नाही झालात. तिकिटाची किंमत, बुकिंग फी, रद्द झालेल्या ट्रेनचे पैसे असं काही वसूल करायला थोडे जास्त घेतले असतील तर त्यावरून मी तुमच्याशी भांडणार नाही. सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळलं ही माझी चूक होती आणि ते वाक्य मी लेखातून काढलंय. वडील आता बरे असतील अशी आशा.

पण मार्केटचं मला अजिबात पटत नाही. शेअरचा भाव मार्केट ठरवतं. तिकिटाचा भाव कलाकार आणि आयोजक बसून ठरवतात, आणि त्यात काही तिकिटं मुद्दाम स्वस्त ठेवतात. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईला डी वाय पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे शो झाले तेव्हा तिकिटं 2,500 पासून होती, लाऊंजचं 35,000 ला होतं. आता ते 2,500 चं तिकीट कुणासाठी होतं? कॉलेजातल्या पोरांसाठी, पहिल्या नोकरीवाल्यांसाठी. 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी बाराला विक्री सुरू झाली, ऑनलाइन रांगेतला नंबर लाखात दिसत होता, आणि काही तासांत रिसेलच्या साइटवर तिकिटं लाखांच्या घरात पोचली होती. कलाकाराने पोरांसाठी जी सूट ठेवली ती मधल्यामध्ये दुसराच कुणीतरी खाऊन गेला, यात मार्केट कुठे आलं, याला आपण लहानपणापासून ब्लॅक म्हणतो. पूर्वी टॉकीजच्या बाहेर उभं राहून करायचे, आता घरी बसून दहा अकाउंटवरून करतात एवढाच फरक.

आणि ते जादा पैसे जातात कुठे बघा ना. पाचशेच्या वरच्या तिकिटावर आपण 18 टक्के जीएसटी भरतो, म्हणजे 5,000 च्या तिकिटावर 900 रुपये. तेच तिकीट ब्लॅकने 15,000 ला घेतलं तर वरच्या दहा हजारातला एक रुपया कलाकाराला नाही, साउंडवाल्याला नाही, रात्रभर स्टेज बांधणाऱ्या पोरांना नाही.

आता ‘परवडतं तो घेईल’ बद्दल. माझी मावसबहीण नाशिकची, मेडिकलच्या दुकानात काम करते. तिने एका फेस्टिवलचं (नाव लिहीत नाही, त्यांची चूक नव्हती) तिकीट टेलिग्रामवरच्या माणसाकडून घेतलं, दुपटीच्या वर पैसे देऊन, तीन महिने साठवलेले. पीडीएफ आली, त्यावर क्यूआर कोड, सगळं अगदी खरं दिसणारं. फोनची बॅटरी संपली तर काय म्हणून तिने त्याची कलर प्रिंट काढून लॅमिनेट करून आणली होती. गेटवरच्या मुलाने स्कॅन केलं, मशीनवर लाल आलं, त्याने परत केलं, परत लाल. मग त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली, 2 वाजून 52 मिनिटांनी याच कोडवर कुणीतरी आत गेलेलं. आमच्यामागच्या दोन मुली पुढे झाल्या, आपला फोन तिच्या प्रिंटशेजारी धरला, बुकिंग नंबर तोच. एकच तिकीट बऱ्याच जणांना विकलेलं. आतून साउंडचेकचा ड्रम ऐकू येत होता आणि ती ते लॅमिनेट केलेलं तिकीट दोन्ही हातात धरून उभी होती, टाकूनही देईना. मीही आत गेले नाही, आम्ही परत स्टेशनला आलो. टेलिग्रामवाल्याने तोवर अकाउंट डिलीट केलं होतं. तिला परवडलं म्हणूनच तिने घेतलं होतं हो.

सवाईला मी जातेच, दर डिसेंबरला. भीमसेनजींनी 1953 ला गुरूंच्या आठवणीत सुरू केलेला महोत्सव आहे तो, आणि तिथे आजही भारतीय बैठकीला लवकर जाऊन बसेल त्याला पुढची जागा मिळते, तिथे पैसा नाही वेळ मोजला जातो. आमच्या सोसायटीत ज्यांना एखाद्या दिवशी जमत नाही ते आपला सीझन पास शेजाऱ्याला देतात, पैसे मागायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणजे तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आणि ज्या पोरीला ग्रीन डे हा अमेरिकन रॉक बँड ऐकायचाय तिला सवाईला जा सांगणं हे काही उत्तर नाही, तिला दोन्ही ऐकावंसं वाटू शकतं.

उपाय नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरी या मोठ्या म्युझिक फेस्टिवलला तिकिटावर तुमचा फोटो छापतात, ते दुसऱ्याला देताच येत नाही, जमत नसेल तर त्यांनाच परत करायचं आणि ते मूळ किमतीला पुन्हा विकतात. आयर्लंडने 2021 ला कायदाच केला की मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट मूळ किमतीच्या वर विकायचं नाही. आपल्याकडे मुंबई हायकोर्टात याचिका झाली होती, जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने ती फेटाळली, म्हणाले नियम करणं हे सरकारचं काम. तर सरकारने करावेत, मी तेच मागतेय.

एक मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आयोजकांना मी लेखात फार सोडून दिलं असं तुम्ही म्हणता ते. अर्ली बर्डचं (आधी बुक करणाऱ्यांसाठीचं) स्वस्त तिकीट निघतं कधी आणि संपतं कधी कळत नाही, मग फेज वन, फेज टू, प्रत्येक वेळी भाव वर, आत गेल्यावर पाण्यालाही पैसे. त्यावर वेगळा लेख लिहिते.

आणि यापुढे कधी तुमच्याकडे तिकीट उरलं तर मूळ किंमत अधिक बुकिंग फी एवढ्यात मला सांगा. नाशिकहून ती येईल, फक्त ट्रान्सफर आयोजकांच्या अ‍ॅपवरूनच करू, पीडीएफ नको.