मावशी "हरवल्या" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. चहा दोनदा गरम केला, दोनदा तसाच गार झाला. म्हणून इथे लिहून मोकळी होते. लांबणार आहे, पण आज लांबू दे.

परवा रात्री आमच्या ठाण्यात चरईतल्या जुन्या चाळीतल्या मावशी गेल्या. ९२ वर्षांच्या होत्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहूदी. त्यांची खोली आणि आमची खोली, मध्ये एकच भिंत. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला, आणि आमच्याकडे भांडण झालं की समजावायला त्या. काल दफन झालं. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं की मला आईच्या जागी असलेल्या बाई गेल्या, त्यांच्या मुलांसाठी प्रार्थना करा. बऱ्याच जणांनी हात जोडले. आणि आज सकाळी एका बंधूंचा मेसेज: "सिस्टर, वाचून दुःख झालं. पण त्यांनी प्रभूचा स्वीकार केला होता का? नसेल तर साक्ष द्यायला आपण कमी पडलो. एक आत्मा हरवला."

त्याखाली दोघांचं आमेन.

हरवला, म्हणजे तारणाला मुकला! अजून कबरीवरची माती ओली आहे आणि यांनी निकाल लावूनही टाकला. ज्या बाईने आयुष्यात एकदाही शुक्रवार संध्याकाळचा दिवा चुकवला नाही, रोज रात्री पाठ टेकण्याआधी डोळ्यांवर हात ठेवून शेमा, ही यहूद्यांची रोजची प्रार्थना, म्हटला, ती हरवली. "ऐक, हे इस्राएला" हेच ते शब्द. सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती असं शास्त्र्याने विचारल्यावर प्रभूनेही हेच शब्द म्हटले होते, मार्क १२ काढून बघा. प्रभूच्या तोंडी ती पहिली आज्ञा, आणि आमच्या मावशींच्या तोंडी ती हरवल्याची खूण?

मला १९७२ सालचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आठवतोय. सकाळपासून तोच आठवतोय.

मी ९ वर्षांची. तीन तासांची उपासना संपवून घरी आले. डोक्यात काटेरी मुकुट, खिळे, सगळं गरगरत होतं. आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी त्या आठवड्यात नीट समजावून सांगितलं होतं, प्रभूला कोणी मारलं ते. मावशी दारातच खवणीवर बसून नारळ खोवत होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्ही आमच्या येशूला मारलंत."

त्यांचा हात थांबला. खोबऱ्याचा कीस बोटांना तसाच चिकटलेला, नारळाची वाटी अजून मुठीत. रागावल्या नाहीत. माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, "तो आमचाच मुलगा गं. आपल्याच मुलाला कोण मारतं?" मग उठल्या, आत गेल्या आणि एक भाकरीचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला, वर चिमूटभर ओलं खोबरं. त्यांचा वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, आठवडा चालू होता. बिनखमिराची भाकरी होती ती. मी उभ्या उभ्या खाल्ली.

आईला कळलं तेव्हा कान धरून मला परत त्यांच्या दारात नेलं. मावशी आईला म्हणाल्या, "पोरीला मारू नकोस. हे तिच्या डोक्यातलं नाही, कोणीतरी घातलेलं आहे."

कोणीतरी घातलेलं आहे. ५० वर्षं उलटून गेली तरी घालणं चालूच आहे, फक्त आता व्हॉट्सअॅपवर.

योहान १४:६ मलाही पाठ आहे, कृपा करून कोणी पाठवू नका. माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही. त्यावर माझा विश्वास आहे, त्यासाठीच मी दर रविवारी वेदीपुढे गुडघे टेकते. पण कोण कुठल्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचलं, हे त्या वचनाने मला मोजायला दिलेलं नाही. दाराशी बसून पावत्या तपासायचं काम प्रभूने आपल्यापैकी कोणाला दिलंय?

आणि नव्या करारातला प्रेषित पौल वाचायचा तर पूर्ण वाचा ना. रोमकरांस पत्र, ९ ते ११ अध्याय. आपल्याकडे ८ व्या अध्यायावर दहा संदेश होतात, मग गाडी थेट १२ व्यावर. मधले तीन अध्याय कोणी हातात घेत नाही, कारण ते अडचणीचे आहेत. तिथे पौल लिहितो की सर्व इस्राएलाचं तारण होईल. तिथेच लिहितो की देव आपली दानं आणि आपलं बोलावणं परत घेत नाही. आणि आपल्याला, म्हणजे तुम्हाआम्हा परराष्ट्रीयांना तो म्हणतो, तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, दुसऱ्याच्या झाडावर कलम केलेल्या. मूळ तुम्हाला धरून आहे, तुम्ही मुळाला नाही. फुगू नका.

कलम म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझे आजोबा रोह्याकडचे. रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधायची, ही आपली रीत. पौल नेमकं उलटं सांगतो: झाड जातिवंत, आणि त्यावर बांधलेली काडी रानातली. निसर्गाच्या उलट, असं तो स्वतःच म्हणतो. ती रानातली काडी म्हणजे मी, आणि आमेन टाकणारे ते दोघे. आणि ती काडी आता मुळाला विचारते आहे, तू वाचशील का म्हणून!

दुपारी बंधूंनी खाजगीत मोठं उत्तर पाठवलं. त्यात दाखला एका जाहीरनाम्याचा: १९८९ साली बर्म्युडात काही इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता सांगण्यावर भर देणारी प्रॉटेस्टंट मंडळी जमली होती, त्यांनी तो काढला, विलोबँकचा जाहीरनामा म्हणतात त्याला. यहूद्यांनाही सुवार्तेची गरज आहे, नुसत्या जुन्या कराराच्या जोरावर तारण नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याच जाहीरनाम्यात यहूदीद्वेषाचा कडक निषेधही आहे, तेवढं मान्य करते. आणि हेही मान्य करते की आपल्या लोकांचं तारण व्हावं म्हणून पौल स्वतः तळमळत होता, त्यांच्यासाठी मी शापित झालो तरी चालेल इथपर्यंत बोलला. पण बघा, त्याने स्वतःला शापित म्हणायची तयारी दाखवली. त्यांना नाही म्हटलं.

जाहीरनामेच काढायचे तर सगळेच काढू. ज्याच्या नावाने आपण प्रॉटेस्टंट ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणेची उपासना ठेवतो, त्या मार्टिन लूथरने १५४३ मध्ये यहूद्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा असं लिहिलंय. हे आपल्याला कुठल्या वर्गात शिकवलं? मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि त्या दिवशी मला शिसारी आली. चारशे वर्षांनी त्याच्याच देशात सभास्थानं खरोखर जळली, साठ लाख माणसं मेली, आणि मारणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाप्तिस्मा घेतलेले होते. त्यांच्या तारणाचा प्रश्न ग्रुपवर कधी निघालेला मी पाहिला नाही.

चिडून लिहितेय, कळतंय मला. जरा पाणी पिऊन आले.

माझी एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या मराठी कॅथलिकांतली, मैत्रीण आहे, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चची. सकाळी तिलाच फोन लावला, कारण तिने मावशींच्या हातचा चिकाचा हलवा माझ्याइतकाच खाल्लाय. ती म्हणाली, आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? १४४२ मध्ये त्यांच्या फ्लॉरेन्सच्या परिषदेने लिहून ठेवलं होतं की यहूदी मरण्याआधी चर्चमध्ये आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील. उत्तम शुक्रवारच्या त्यांच्या प्रार्थनेत यहूद्यांसाठी एक वाईट लॅटिन विशेषण होतं, ते तेविसाव्या जॉन पोपनी १९५९ साली काढलं. आणि २८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकनच्या महासभेने जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट टाकता येणार नाही, आणि आजच्या यहूद्यांवर तर नाहीच.

१९६५! म्हणजे मी मावशींच्या दारात उभी राहून ते बोलले, त्याच्या सात वर्षं आधी. आमच्या संडे स्कूलच्या बाईंपर्यंत ते पोचलं नव्हतं. त्या प्रॉटेस्टंट, हे व्हॅटिकनचं, कोण पोचवणार.

२०१५ च्या डिसेंबरात व्हॅटिकनने आणखी एक दस्तऐवज काढला. यहूदी लोक देवाच्या तारणात सहभागी आहेत यात शंका नाही, पण ख्रिस्ताला उघडपणे कबूल न करता ते कसं, हे देवाचं गूढ आहे, असा त्याचा मथितार्थ. यहूद्यांसाठी म्हणून वेगळं संस्थात्मक मिशन चर्च चालवत नाही आणि अशा मिशनला पाठिंबाही देत नाही, हेही त्यात आहे. काही जण म्हणतील हे गुळमुळीत आहे, धड हो नाही, धड नाही नाही. असेल. पण "मला माहीत नाही, त्याला माहीत आहे" असं एवढ्या मोठ्या चर्चने लिहून द्यायला धाडस लागतं. पौलही त्या तीन अध्यायांच्या शेवटी तिथेच येऊन थांबतो. देवाचे न्याय किती अगम्य, म्हणतो, आणि स्तुती करायला लागतो.

आमचे बंधू म्हणतात, साक्ष द्यायला कमी पडलो. अहो, साक्ष द्यायला २०० वर्षं झाली! अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यांनी कोकणात शाळा काढल्या, त्यात बेने इस्राएलांची मुलं शिकली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं ते यांच्यासाठीच. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली म्हणवणारी ही माणसं. शास्त्र मराठीत हातात आल्यावर त्यांनी ते प्रेमाने वाचलं, हिब्रू शिकले, आणि बहुतेक सगळे परत आपल्या सभास्थानात जाऊन बसले. आपल्या मिशनऱ्यांनी त्यांना त्यांचंच घर परत दाखवलं. मला यात हरल्यासारखं कधी वाटलं नाही. देवाने जे करायचं ते केलं असेल.

मावशींकडे तेच मराठी पवित्र शास्त्र होतं, जुन्या करारापुरतं झिजलेलं. माझी आई १९९८ मध्ये शेवटच्या आजारात होती, तेव्हा मी कामावर जायची आणि दुपारी मावशी तिच्या उशाशी बसायच्या. एकदा लवकर आले तर दोघी मिळून स्तोत्र २३ म्हणत होत्या. आईचा आवाज जेमतेम. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." दोघींच्या तोंडी एकच मराठी, एकच मेंढपाळ. मी चपला हातात घेऊन बाहेरच उभी राहिले.

हे बंधू तसे वाईट नाहीत, तेही लिहायला हवं. माझ्या मिस्टरांच्या ऑपरेशनला रात्री बाराला रक्त द्यायला धावत आलेला मुलगा आहे तो. त्याला खरोखर काळजी वाटते की लोक नाश पावतील, आणि अशी काळजी वाटणारे किती उरलेत? मेसेजमध्ये त्याने लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला असताना त्याने मावशींना सुवार्तेची पत्रिका दिली होती, "पण त्यांनी मन कठोर केलं."

काल दफनाहून आल्यावर मावशींच्या सुनेने ते पवित्र शास्त्र मला दाखवायला काढलं. स्तोत्रांच्या पानांत ती पत्रिका होती. नीट दुमडून ठेवलेली. सून म्हणाली, मी मागेच रद्दीत टाकणार होते, तर मला ओरडल्या. म्हणाल्या, "त्यावर परमेश्वराचं नाव आहे. टाकायचं कसं?"

कठोर मन म्हणे.

टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलसमोर त्यांचं सभास्थान आहे, १८७९ चं. मावशी त्याला मशीदच म्हणायच्या, त्यांच्या जुन्या लोकांसारखं. नाव आहे शआर हाशामाईम. अर्थ स्वर्गाचं दार. याकोब दगड उशाला घेऊन झोपला, शिडीचं स्वप्न पाहून जागा झाला आणि म्हणाला ना, हे स्वर्गाचं दार आहे, तेच. आपण त्याच रस्त्याने स्टेशनला रिक्षा पकडतो.

भावा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. तुझ्यावर आता राग नाही. सकाळी होता. तुला कोणीतरी शिकवलंय, मलाही शिकवलं होतं, आणि मी तर ते जिवंत बाईच्या तोंडावर बोलले. तिने मला भाकरी दिली. मी माफी मागितली ती आईने कान धरला म्हणून. मोठी झाल्यावर मनापासून मागायची राहूनच गेली. दरवेळी वाटायचं, जुनी गोष्ट, त्या विसरल्या असतील. त्या विसरल्या नव्हत्या बहुतेक. पण कधी दाखवलं नाही.

सात दिवस ते घर दुखवट्यात आहे. उद्या संध्याकाळचं जेवण माझ्याकडे आहे: भात, नारळाच्या दुधातली बटाट्याची आमटी आणि पालेभाजी. मंडळीतल्या ज्यांना यायचंय त्यांनी सातच्या आत या, त्यांची प्रार्थना त्यानंतर सुरू होते. भावा, तूही ये. डबे उचलायला दोन हात लागतील. फक्त त्या घरात हा विषय काढू नकोस.