‘जुना आय७ घ्या आणि बिनधास्त एडिटिंग करा’ : एका फॉरवर्डला उत्तर

‘स्वस्तात एडिटिंग लॅपटॉप : दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सात सल्ले, प्रत्येकापुढे आगीचं चिन्ह आणि शेवटी ‘गरजू मुलांपर्यंत पोचवा’. लग्नाचं शूटिंग नुकतंच सुरू केलेल्या माझ्या भाच्यापर्यंत तो पोचला. बावीस हजारांच्या एका जुन्या लॅपटॉपचा इसार द्यायला तो निघालाच होता, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे: ‘प्रोसेसर आय७च घ्या. जनरेशनला अर्थ नसतो. चौथ्या जनरेशनचा आय७ आजच्या आय३ला झोपवतो. क्वाड्रो ग्राफिकवाला, ऑफिसातून निघालेला लॅपटॉप २२ हजारांत मिळतो.’

चौथं जनरेशन म्हणजे २०१३ सालचं. त्या काळात कंपन्यांनी घाऊक घेतलेल्या लॅपटॉपांत आय७-४६००यू हा प्रोसेसर सर्रास असायचा. त्याला कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, किती? दोन. आज ज्याला नाक मुरडतात त्या आय३-१२१५यूला सहा आहेत. पण कोअर मोजणं हा एडिटिंगमधला दुय्यम हिशेब आहे, खरी गोम डिकोडिंगमध्ये, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्यात आहे.

आयफोन २०१७पासून मुळातच एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही तो पर्याय असतो. या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आजूबाजूच्या फ्रेमांवरून ती उभी करावी लागते. टाइमलाइनवर तुम्ही मागे-पुढे सरकता तेव्हा लॅपटॉपला आधीच्या पूर्ण फ्रेमपासून सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागते. हे काम करायला प्रोसेसरच्या आत वेगळं सर्किट असतं. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात. चौथ्या जनरेशनचं क्विक सिंक एच.२६४ ओळखतं, एचईव्हीसी नाही. आठ-बिट एचईव्हीसी सहाव्या जनरेशनमध्ये आलं, दहा-बिट (रंगांच्या जास्त बारीक छटांचं) सातव्यात. त्या जुन्या लॅपटॉपांतलं एनव्हिडियाचं के-सीरिजचं क्वाड्रो ग्राफिक कार्डसुद्धा एचईव्हीसी डिकोड करत नाही. म्हणजे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. पंखा किंचाळतो, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि फोर-केची क्लिप सेकंदाला चार-पाच फ्रेम दाखवत लंगडते. वर विंडोज ११ला अधिकृतपणे आठवं जनरेशन लागतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

कॅमेरा सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६च्या वर्गातला असेल आणि एचईव्हीसीच्या ४:२:२ दहा-बिटमध्ये (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट होत असेल, तर हिशेब आणखी कडक होतो. ते फूटेज इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासूनच्या लॅपटॉपमध्ये हार्डवेअरवर डिकोड होतं. एनव्हिडियाने ही सोय थेट आरटीएक्स ५० सीरिजच्या ग्राफिक कार्डांत दिली. त्यामुळे या एका कामात साधा बाराव्या जनरेशनचा आय५ आरटीएक्स ४०६०लाही मागे टाकतो. फक्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ‘फक्त डिस्क्रीट (वेगळं कार्ड) ग्राफिक’ असा मोड असतो, तो चालू ठेवला की इंटेलचं ग्राफिक बंद पडतं आणि त्याच्यासोबत क्विक सिंकही. दहा जणांतले नऊ जण तो मोड ‘जास्त पॉवर’ म्हणून चालू करतात आणि मग प्रीमियर या अ‍ॅडोबीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षराबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. आय७-१२५५यूमध्ये दोनच मोठे कोअर आहेत आणि तो १५ वॉटचा. आय५-१२४५०एचमध्ये चार मोठे कोअर, ४५ वॉट. लांब एक्सपोर्टला हा आय५ त्या आय७ला मागे टाकेल आणि बहुधा स्वस्तही पडेल. एएमडीत तर नावच फसवं: रायझन ५ ७५२०यू नवा वाटतो, पण आतला आराखडा जुना, झेन २, आणि कोअर चार. या ७०००च्या मालिकेत आकड्यातला तिसरा अंक बघा. ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. जुना लॅपटॉप घेणंच चूक, असं नाही. आठव्या जनरेशनपासून पुढचा, १६ जीबी रॅमचा रिफर्बिश्ड लॅपटॉप १०८०पीच्या कामाला, प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या नकला) बनवून, नीट चालतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानातून, पैसे मोजण्याआधी एवढं करा. स्वतःच्या कॅमेऱ्याची एक क्लिप आणि पोर्टेबल व्हीएलसी (इन्स्टॉल न करता चालणारा व्हिडिओ प्लेअर) पेनड्राइव्हवर न्या. क्लिप आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, नाहीतर पेनड्राइव्हचाच वेग मोजाल. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि क्लिप चालू करा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर गेला आणि सीपीयू खाली राहिला तर पुढे बोला. डिकोड शून्यावर आणि सीपीयू नव्वदवर, तर पेनड्राइव्ह काढून घरी या. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड टाइप करा. ती जी फाइल बनवते ती उघडली की मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

दुसरा सल्ला: ‘४ जीबी ग्राफिक कार्ड असेल तर ८ जीबी रॅम पुरते, दोन्ही मिळून १२ होतात.’ होत नाहीत. कार्डाची मेमरी वेगळी, रॅम वेगळी, त्यांची बेरीज करायची नसते. अ‍ॅडोबीच्या स्वतःच्या पानावर प्रीमियरसाठी ८ जीबी ही किमान रॅम दिली आहे, एचडीसाठी १६ आणि फोर-केसाठी ३२ची शिफारस आहे. ब्लॅकमॅजिक कंपनीही तिच्या दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरसाठी १६ मागते, त्यातला फ्यूजन हा इफेक्टचा विभाग वापरायचा तर ३२. सॉफ्टवेअर बनवणारेच हे सांगतात, आणखी कुणाचा दाखला हवा? उलट कार्डाचे ४ जीबी भरले की रिझॉल्व्ह ‘जीपीयू मेमरी फुल’ म्हणून अडून बसतं. तेव्हा टाइमलाइनचं रिझोल्यूशन १०८०पीवर आणलं की बहुतेक वेळा काम पुढे सरकतं.

रॅम घेताना एक बघायचंच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं. १६ जीबीची एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनल. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर प्रोसेसरमधल्या ग्राफिकला त्यामुळे निम्मी बँडविड्थ (डेटा वाहण्याची क्षमता) मिळते. इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक असलेला लॅपटॉप एका पट्टीवर चालत असेल तर तो स्वतःचं नावही ‘यूएचडी ग्राफिक्स’ असं दाखवतो. ८+८ करून घ्या.

‘एसएसडी फक्त विंडोज लवकर सुरू व्हायला, व्हिडिओसाठी १ टीबी हार्डडिस्कच बरी.’ यात अर्ध सत्य आहे. १०० एमबीपीएसच्या फूटेजला सेकंदाला साडेबारा एमबीच लागतात आणि एक क्लिप हार्डडिस्कवरून आरामात चालते. पण दोन कॅमेरे, वर ऑडिओ, प्रॉक्सी आणि कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) असं सगळं एकदम वाचायला लागलं की तिची सुई इकडून तिकडे पळत राहते आणि वेग कोसळतो. चालू काम एनव्हीएमई (वेगवान प्रकारच्या) एसएसडीवर, संपलेलं काम बाहेरच्या हार्डडिस्कवर. आयफोनचं फोर-के ६० फ्रेमचं फूटेज मिनिटाला साधारण ४०० एमबी खातं, म्हणजे तासाला २४ जीबी. विंडोज, दोन कॅमेरे, प्रॉक्सी आणि कॅश धरली तर २५६ जीबी एका लग्नालाही अपुरे पडू शकतात. ५१२ किमान, आणि एसएसडी बसवायचा दुसरा एम.२ स्लॉट रिकामा असेल तर उत्तमच.

‘१४४ हर्ट्झ म्हणजे कलर भारी.’ हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवी होते तो आकडा, त्याचा रंगाशी काडीचा संबंध नाही. स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत ‘४५ टक्के एनटीएससी’ पॅनल असतो, म्हणजे एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या मानकाच्या जेमतेम ६०-६५ टक्के. त्यावर हळदीचं फूटेज फिकं दिसतं, एडिटर सॅच्युरेशन चढवतो आणि नवरीच्या आईच्या फोनवर सगळं वऱ्हाड भगवं होतं. माहितीपत्रकात ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलंय का, तेवढं पाहा.

‘मॅकमधले ८ जीबी म्हणजे विंडोजचे १६.’ एम१ एअर एचईव्हीसी लोण्यासारखं कापतो, हे खरं आहे. पण ८ म्हणजे ८च, आणि रॅम-एसएसडी दोन्ही नंतर वाढत नाहीत. अ‍ॅपलनेच ऑक्टोबर २०२४मध्ये एअरची सुरुवात १६वर नेली.

सहावा सल्ला वाचून हसावं की रडावं कळेना: ‘एक्सपोर्ट करताना चार्जर काढा, नाहीतर बॅटरी फुगते.’ चार्जर काढला की लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक दोघांचीही वीज कापतो, कारण १५०-१८० वॉटच्या अडॅप्टरइतकी ताकद बॅटरी देऊच शकत नाही. बॅटरी फुगते ती उष्णतेने आणि सतत १०० टक्क्यांवर ठेवल्याने. बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि चार्जर लावूनच एक्सपोर्ट करा.

शेवटचा: ‘प्रीमियर दुकानदाराकडून फुकट टाकून घ्या.’ क्रॅक, म्हणजे चोरीची आवृत्ती, टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर लोकांच्या लग्नाचं फूटेज असतं, जे पुन्हा शूट होत नाही. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फोर-के यूएचडी, ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट करते, वॉटरमार्कशिवाय. विंडोजवर ४:२:२ दहा-बिट एच.२६५शी तिचं जमत नाही. तेव्हा शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरने क्लिप डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्याव्या लागतात. फाइल कित्येक पटींनी फुगते, पण टाइमलाइन पळते. रोजच असं फूटेज येत असेल तर २९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती एकदाच घ्यावी लागते, दरमहा काही भरावं लागत नाही.