‘या गाण्याला कर्ता नाही’ असे सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या जगप्रसिद्ध इंग्रजी गाण्याचा ‘खरा इतिहास’ सांगणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतो आहे. असे मेसेज एरवी मी न वाचताच पुसून टाकतो; परंतु इथे कोल्हापुरातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात हे गाणे बसवले जात आहे, त्याचे निवेदन माझ्या भाचीकडे आहे, आणि तिने तो मजकूर जवळजवळ जसाच्या तसा वहीत उतरवून ‘मामा, एकदा बघ की’ म्हणून मला पाठवला, तेव्हा गप्प बसणे जमले नाही. मेसेजचे म्हणणे थोडक्यात असे : हे आफ्रिकेतले हजारो वर्षांपूर्वीचे लोकगीत असून त्याला कोणी कर्ता नाही, त्यातला ‘विमोवे’ म्हणजे संस्कृत ‘विमोह’ आणि तो सिंहाला झोपवण्याचा मंत्र आहे, डिस्नेने १९९४ साली ‘द लायन किंग’साठी ते प्रथम जगासमोर आणले, त्याआधी पीट सीगर नावाच्या अमेरिकन गायकाने ते चोरून अमाप पैसा केला होता, आणि पुढे काही लोभी माणसांनी डिस्नेवर खटला भरला, तेव्हा गाण्याचे हक्क पूर्वीच दहा शिलिंगांना विकलेले असल्यामुळे न्यायालयाने त्यांना हाकलून लावले. ज्या गाण्याला कर्ताच नाही त्याचे हक्क विकले कोणी, आणि जे १९९४ मध्ये प्रथम जगासमोर आले ते त्याआधी चोरले कसे, हे दोन साधे प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेले दिसत नाहीत.

मंत्राचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. मूळ शब्द झुलू भाषेतले आहेत, ‘म्बुबे’ म्हणजे सिंह आणि ‘उयिम्बुबे’ म्हणजे ‘तू सिंह आहेस’. ध्वनिमुद्रिकेवरून गाणे उतरवून घेताना सीगरच्या कानाला ते ‘विमोवे’ असे ऐकू आले आणि पुढे तेच रूढ झाले. एका अमेरिकन माणसाच्या ऐकण्यातल्या चुकीला आपण वेदकाळात नेऊन बसवावे, याला काय म्हणावे?

१९९४ चा दावाही फार वेळ द्यावा असा नाही. ‘द लायन किंग’मध्ये टिमॉन आणि पुंबा ही दोन पात्रे हे गाणे जेमतेम काही सेकंद गुणगुणतात. तोवर अमेरिकेतल्या ‘द वीव्हर्स’ या गटाने ते ‘विमोवे’ या नावाने १९५२ साली लोकप्रिय केले होते, मिरियम मकेबा यांनी मूळ झुलू रूप १९६० मध्ये गायले होते, आणि ‘द टोकन्स’ या न्यूयॉर्कच्या तरुणांनी १९६१ मध्ये जॉर्ज वाइस यांनी लिहिलेल्या नव्या इंग्रजी शब्दांसह ते गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला होता. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर हे गाणे दुसऱ्या बाजूला टाकलेले होते. १९७२ मध्ये रॉबर्ट जॉनने आणि १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘टाइट फिट’ने ते पुन्हा गाजवले. शाळेतली मुले आज जे बसवत आहेत ते टोकन्सचे रूप आहे, डिस्नेचे नव्हे.

आता ज्या मुद्द्यामुळे हे लिहायला बसलो, तो मुद्दा. ‘लोकगीत आहे, कर्ता नाही’ हे वाक्य निरुपद्रवी अज्ञानाचे वाटते. प्रत्यक्षात याच वाक्याच्या आधाराने एका माणसाच्या पदरचे धन अर्धे शतक दुसऱ्यांच्या खिशात जात राहिले. त्या माणसाचे नाव सॉलोमन लिंडा. १९०९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या ग्रामीण भागात जन्मलेला, लहानपणी गुरे राखलेला, कामधंद्यासाठी जोहान्सबर्गला आलेला आणि लिहिता-वाचता न येणारा हा गायक ‘इव्हनिंग बर्ड्स’ नावाचा गट चालवत असे. १९३९ मध्ये एरिक गॅलो यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत या गटाने ‘म्बुबे’ ध्वनिमुद्रित केले. ते मूळ ध्वनिमुद्रण आज सहज ऐकायला मिळते आणि प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकावे. अडीच-पावणेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत खालच्या पट्टीतले पुरुषी आवाज एकच ओळ संथपणे घोळवत राहतात आणि त्यांच्यावर लिंडाचा उंच, जवळजवळ किंकाळीसारखा आवाज मोकळा फिरत राहतो. गाणे संपत आले असताना, अगदी शेवटच्या काही क्षणांत, तो एक लहानशी सुरावट सहज सोडून देतो. पुढे ‘इन द जंगल, द मायटी जंगल’ हे शब्द ज्या चालीवर बसवले गेले, ती ही सुरावट. ती आधी ठरवलेली नव्हती; एकामागून एक ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न चालले असताना त्याला ती जागच्या जागी सुचली. हजारो वर्षे सोडा, तिचे वय त्या स्टुडिओतल्या घड्याळावर मोजता आले असते.

या मुद्द्यात अर्धसत्य आहे, तेवढे नाइलाजाने मान्य करतो. लिंडाने झुलू समूहगायनाच्या चालत आलेल्या परंपरेतूनच घडण घेतली होती आणि ती घडण त्याने शून्यातून निर्माण केली नव्हती. पण मग पोवाड्याचा साचाही शाहिराने शून्यातून निर्माण केलेला नसतो. तरी शेवटच्या कडव्यात तो आपले नाव गुंफतो आणि आपण ते मान्य करतो. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात ‘पोवाडा काय, लोकांचाच असतो’ असे कोणी म्हणाले तर ते खपवून घेतले जाणार नाही. सुदूर आफ्रिकेतल्या काळ्या गायकाच्या बाबतीत मात्र तेच वाक्य आपण माना डोलावत पुढे ढकलतो. शिवाय लिंडाची ही तबकडी १९४०च्या दशकाअखेर दक्षिण आफ्रिकेत सुमारे एक लाख खपली होती आणि तिच्यावरून त्या गायनशैलीलाच ‘म्बुबे’ म्हटले जाऊ लागले. परंपरेतून गाणे आले हे खरे, पण या गाण्यावरून परंपरेला नाव मिळाले हेही तितकेच खरे आहे.

दहा शिलिंगांची गोष्ट बहुतांशी खरी आहे. लिंडाने हक्क गॅलोला तेवढ्या रकमेत देऊन टाकले, त्याच कंपनीत तो तबकड्या बांधण्याचे काम करत राहिला, आणि १९६२ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने गेला तेव्हा घरात इतके दारिद्र्य होते की त्याच्या थडग्यावर दगड बसायला पुढे अठरा वर्षे लागली. मात्र यातून मेसेजने काढलेला ‘न्यायालयाने हाकलले’ हा निष्कर्ष धादांत खोटा आहे. दक्षिण आफ्रिकी पत्रकार रियान मलान यांनी २००० साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकात या गाण्याच्या पैशांचा माग काढणारा दीर्घ लेख लिहिला. डिस्नेच्या ‘लायन किंग’मधल्या वापरातूनच या गाण्याने सुमारे दीड कोटी डॉलर मिळवले असावेत असा अंदाज त्यांनी दिला. त्या लेखामुळे प्रकरण उजेडात आले आणि बौद्धिक संपदेचे जाणकार वकील ओवेन डीन यांनी जुन्या ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यातले एक विसरलेले कलम शोधून काढले. कर्त्याने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असे ते कलम सांगत होते. लिंडा १९६२ मध्ये गेला, म्हणजे १९८७ पासून जुन्या साम्राज्याच्या प्रदेशांतले हक्क त्याच्या मुलींचे झाले होते, आणि डिस्नेचा चित्रपट त्यानंतर सात वर्षांनी आला. २००४ मध्ये लिंडाच्या वारसांच्या दाव्यावरून प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने डिस्नेचे दक्षिण आफ्रिकेतले दोनशेहून अधिक ट्रेडमार्क जप्तीखाली आणले. सुनावणी उभी राहण्याआधीच, फेब्रुवारी २००६ मध्ये, ज्या अमेरिकन प्रकाशकाने डिस्नेला परवाना दिला होता त्याने तडजोड केली : मागील रॉयल्टीपोटी रक्कम, पुढील रॉयल्टीत वाटा, आणि सहसंगीतकार म्हणून लिंडाचे नाव. मेसेजमधली ‘लोभी माणसे’ म्हणजे सोवेटोत राहणाऱ्या लिंडाच्या मुली होत. एखाद्या कष्टकरी बापाच्या लेकींना वारसाहक्क मागितला म्हणून लोभी ठरवणारा मजकूर शाळेच्या व्यासपीठावरून वाचला जाणार होता, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

राहता राहिला पीट सीगर. ॲलन लोमॅक्स या लोकसंगीत-संग्राहकाकडून त्याला ती तबकडी मिळाली आणि ‘लोकगीत’ समजूनच त्याने ती घेतली. प्रकाशकाने मात्र गाण्याचे श्रेय ‘पॉल कॅम्पबेल’ या अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या नावे नोंदवले. मालक नसलेली गाणी ताब्यात घेण्याची ती त्या काळची ठरीव युक्ती होती. खरा कर्ता कळल्यावर सीगरने लिंडाला एक हजार डॉलर पाठवले आणि पुढची रॉयल्टी त्यालाच द्यावी असे प्रकाशकाला सांगितले. सांगून थांबला, ते दिले जाते की नाही हे कधी पाहिले नाही, आणि म्हातारपणी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याला चोर म्हणणे अन्यायाचे होईल, पण त्याला निर्दोष सोडावे असेही मी म्हणणार नाही. भाचीच्या निवेदनात सीगरचे नाव घालायचे की वगळायचे हे तिने ठरवावे. लिंडाचे नाव मात्र गाणे सुरू होण्याआधी आणि त्याच्या १९३९ या सालासह घेतले गेलेच पाहिजे.