उचल दिली म्हणजे माणूस विकत घेतला असं होत नाही

वेठबिगार म्हटलं की डोळ्यांपुढे साखळदंड येतो. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याच्याही येतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

बडोद्याभोवतीच्या वीटभट्ट्यांवर, भायली-गोत्रीकडच्या टॉवरांवर राबतात ती बरीचशी दाहोद, झाबुआ, अलीराजपूरकडची कुटुंबं. मुकादम गावात जाऊन उचल देतो. कामावर आठवड्याला नुसती खर्ची, हिशेब हंगाम संपल्यावर. हे सगळं सरसकट वेठबिगारीत मोडतं असं मी म्हणत नाही, चोख हिशेब करणारे मालकही आहेत. पण उचलीपोटी दुसरीकडे काम धरायची, मोकळेपणी जायची-यायची किंवा बाजारभावानं मजुरी घ्यायची मुभा गेली, की 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला तेवढं पुरतं. कुलूप दिसायलाच हवं, अशी त्याची अट नाही.

आणि पुरावा कुणी द्यायचा? फरीदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 1983 मध्येच सांगून ठेवलंय: मजुराकडून सक्तीनं काम करून घेतलं जातंय असं दिसलं, तर ते उचलीपोटीच आहे असं धरून चाला. तसं नसेल तर ते मालकानं दाखवावं.

प्रत्यक्षात काय होतं? गाडी येते. मालक शेजारी उभा असताना साहेब विचारतात, "तुला कुणी डांबून ठेवलंय का?" भिलीत बोलणारी बाई गुजरातीतल्या या प्रश्नाला मान हलवते. झाली तपासणी! अहो, उचल किती घेतली, हिशेब शेवटचा कधी झाला, आधार कार्ड कुणाकडे आहे, पोर तापलं तेव्हा गावी जाऊ दिलं का, हे विचारा ना. तेही मालकाला लांब पाठवून, तिची भाषा येणाऱ्याला सोबत घेऊन.

एवढं करूनही वेठबिगारी सापडलीच, तर जिल्ह्याची नाचक्की. मग "मजुरीचा वाद" म्हणून नोंद, थोडेफार पैसे हातावर, आणि रात्रीच्या बसनं सगळ्यांची रवानगी. सुटका झाली असं आपण पेपरात वाचतो. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे हा माणूस वेठबिगार होता आणि सुटला असा सरकारी कागद, मात्र कुणाच्याच हातात नसतं. ते नसेल तर पुनर्वसनाची योजना लागू होत नाही, आणि कायद्यानं केव्हाच रद्द झालेलं कर्ज मागायला मुकादम पुन्हा दारात हजर.

ब्रिटनमध्ये सक्तीनं राबवलेल्या माणसाबाबत दोन टप्प्यांत निर्णय होतो. पहिल्या टप्प्यात रास्त संशय पुरतो. तेवढ्यावर निवारा आणि मदत सुरू, पक्का निर्णय मागाहून. तिथंही निकाल रखडतात, व्हिसा संपलेला माणूस तक्रार करायलाच घाबरतो. त्यांची आरती ओवाळायची गरज नाही, पण आधी आधार आणि मग चौकशी हा क्रम मला पटतो.

आपल्याकडे तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत. पुढचे 1, 2 किंवा 3 लाख खटल्याच्या निकालाला टांगलेले. खटला गुजरातेत, साक्षीदार अलीराजपुरात, आणि तारखेला यायचं तर रोज बुडतो. मालकाचा वकील फक्त वाट बघतो. पीडिताची मदत आरोपीच्या शिक्षेवर का अवलंबून असावी, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच: जिथं काम करून घेतलं त्याच जिल्ह्यानं, बसमध्ये बसवण्याआधी प्रमाणपत्र हातात द्यावं आणि सगळी रक्कम त्या कागदावरच मिळावी.

2030 पर्यंत 1.84 कोटी वेठबिगार सोडवायचे, असं केंद्रानं 2016 साली जाहीर केलं होतं. 1978 पासून आजवर कागदोपत्री सोडवलेले आहेत तीन लाखांच्या थोडे वर. ओळखायचंच नाही असं ठरवलं की आकडे असेच येणार.

कायद्यानुसार वेठबिगारीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या दक्षता समितीवर अधिकाऱ्यांबरोबर दोन समाजसेवक आणि तीन अनुसूचित जाती-जमातींचे रहिवासी असतात. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवलाय. आणखी कुणाला सही करायची असेल, किंवा भिली उत्तम येणारं कुणी ओळखीत असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा.