वहिनी चिल करणार नाही

सकाळी चहा घेता घेता घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. लडाखात पँगाँग तळ्याच्या वाटेवर माझा मावसदीर उकिडवा बसलाय, समोर गुबगुबीत मार्मोट (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी) दोन पायांवर उभं, आणि हा त्याला क्रीमचं बिस्किट भरवतोय. मागून कुणीतरी "अजून एक दे, अजून एक दे" म्हणून ओरडतंय. खाली लाल बदामांच्या इमोजींचा पाऊस. मी लिहिलं, "असं करू नये रे." उत्तर आलं, "वहिनी, चिल!"

नाही करणार चिल. तो जीव वर्षातले निम्म्याहून जास्त महिने बिळात झोपून काढतो. उन्हाळ्यात गवत-मुळं खाऊन अंगावर जी चरबी चढेल, तेवढ्यावरच. त्याला तुमचा मैदा आणि साखर कशाला? आणि एकदा गाड्यांपुढे हात पसरायची सवय लागली, की चाकाखाली यायला किती वेळ लागतो?

मग दुसऱ्या एकाचं आलं, "तिकडे आहेच कोण? कुणाला त्रास होतोय?" इथे माझं डोकं फिरलं. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या लडाखात पावणेतीन लाख माणसं, चौरस किलोमीटरमागे पाचसुद्धा नाहीत. आपल्या महाराष्ट्रात 365. म्हणून आपल्याला ते सगळं मोकळं रान वाटतं, या आणि काहीही करा. अरे, चांगथांगच्या उंच पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चांगपा लोक पश्मिना शेळ्या घेऊन फिरतात. कुठल्या महिन्यात कुठल्या कुरणावर जायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. त्सो मोरीरी, त्सो कार, पँगाँग आणि मधली कितीतरी तळी, पण काठाची हिरवळ बघा, चिंचोळी पट्टी! शेळ्या तिथेच, क्यांग, म्हणजे तिथली रानगाढवं, तिथेच, पक्षी तिथेच. आणि आपल्याला तंबूही बरोबर तिथेच हवा.

त्सो कारचा किस्सा मी पूर्वी अर्धा सांगितलाय, आज पूर्ण सांगते. त्या खाऱ्या तळ्याच्या शेजारी गोड्या पाण्याचं एक छोटं तळं आहे, स्टारत्सापुक त्सो. तिथल्या दलदलीत काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी होती. एक अंड्यांवर बसलेला, एक उभा. आमच्या गाडीत एक काका होते, हातभर लांब लेन्सवाले. "दादा, थोडी और आगे लो." ड्रायव्हरदादांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात टाकली. "यहीं से देखो, सर." काका चिडले. पैसे मोजलेत, अमुक तमुक. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. हूं नाही की चूं नाही.

तेव्हा काका दार उघडून चालतच निघाले. साडेचार हजार मीटरवर धापा टाकत! बसलेला क्रौंच उठला. लांब पाय टाकत बाजूला झाला, जोडीदार मान वर करून ओरडायला लागला. आणि रस्त्याकडेला पसरलेलं एक भटकं कुत्रं उठून उभं राहिलं. बस, एवढंच. दादा पहिल्यांदा मोठ्यांदा बोलले ते तेव्हा, आणि काका निमूट परत आले.

अंडी-पिल्लं पळवणारी ती कुत्री तिथे कुणाच्या खरकट्यावर पोसली जातात, हे वेगळं सांगायला नको. आपल्या छावण्या, आपले ढाबे, आपले कॅम्प. क्रौंच बहुधा दोनच अंडी घालतो, पिल्लू वाचलं तर बरेचदा एकच. भारतात तो जवळपास फक्त लडाखातच वीण करतो. एखाद्या घरात बाळंतीण असताना कुणी खिडकीतून मोबाईल आत घातला, तर तुम्ही काय कराल? पण पक्ष्याच्या बाबतीत "फक्त एक फोटो".

हो, पर्यटनावर तिथल्या पुष्कळ घरांची चूल पेटते. मान्य. त्या दादांचीही. पण तरी किल्ली खिशात टाकली ना त्यांनी? आपल्या कमाईवर पाणी पडेल, काका तक्रार करतील, हे ठाऊक असून.

खरं सांगायचं तर काका वाईट नव्हते. परतताना त्यांनी स्वतःहून दादांना विचारलं, पिल्लं कधी उडतात. दादांनी सगळं नीट सांगितलं, काही मनात न ठेवता. आपल्या भिगवणला हिवाळ्यात दिसणारे पट्टकादंब उन्हाळ्यात त्सो मोरीरीच्या काठी अंडी घालतात म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. उजनीवर त्यांचे त्यांनी ढिगाने फोटो काढलेले! कोणी सांगितलं तर माणूस ऐकतो. सांगणारं मात्र कोणीतरी लागतं, आणि सांगितलं की आपण "चिल".

2022 मध्ये कुणीतरी थेट पँगाँगच्या पाण्यात गाडी घातली होती, आठवतंय? तेव्हा याच ग्रुपवर सगळे संतापले होते. "यांना दंड करा, यांना हाकला." बिस्किटाला मात्र बदाम!

या मोसमात कोण कोण निघालंय ते मला माहीत आहे, स्टेटस दिसतात. बिस्किटं स्वतः खा. क्यांगच्या कळपामागे गाडी पळवायला ड्रायव्हरला सांगू नका. प्लास्टिक लेहपर्यंत परत आणा, पुण्यापर्यंत आणलंत तर अधिक चांगलं. आणि लांबून बघायला दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा. फक्त परत आणून द्या, जुनी अजून मावसदिराकडेच पडलीये.