लाइन बॅलन्सिंग सॉफ्टवेअरने माणसं निम्मी होत नाहीत
सध्या एक मेसेज फिरतोय, लाइन बॅलन्सिंगचं सॉफ्टवेअर घेतलं की असेंब्ली लाइनवरची माणसं निम्मी होतात म्हणे. असं काही नसतं हो. ते काम कमी करत नाही, फक्त लाइनवरच्या स्टेशनांमध्ये (कामाच्या जागांमध्ये) सारखं वाटून देतं. हिशोब बघा, ब्रेक सोडून शिफ्टमध्ये ४५० मिनिटं हातात आणि ३०० नग काढायचेत म्हणजे टॅक्ट टाइम (दर किती वेळाने एक नग बाहेर पडायला हवा तो वेळ) ९० सेकंद, आणि एका नगाचं एकूण काम ८१० सेकंदांचं असेल तर एका स्टेशनला एक माणूस धरून ९ च्या खाली जाताच येत नाही, सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो. ११ जण असतील तर १० वर आणेल, जमलं तर ९, तेही कुठलं काम आधी कुठलं नंतर हे सांभाळून, बोल्ट लावायच्या आधी टॉर्क मारून तो घट्ट कसा करणार?

सॉफ्टवेअर ‘एकदम परफेक्ट उत्तर देतं’ असंही म्हणतात, तेही अर्धवटच. प्रॉब्लेम एनपी-हार्ड आहे, म्हणजे लाइन मोठी झाली की अचूक उत्तर शोधायचा वेळ प्रचंड वाढू शकतो, मोठ्या लाइनला बऱ्याचदा ह्युरिस्टिकवरच (लवकर बऱ्यापैकी उत्तर देणाऱ्या ठोकताळ्यावर) भागवावं लागतं, त्यातलीच १९६१ ची हेल्गेसन-बर्नी पद्धत अजून शिकवतात. आणि मुळात प्रत्येक कामाचं टायमिंगच चुकीचं घेतलं असेल (साहेब स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले की हात वेगळेच चालतात) तर उत्तरही चुकीचंच येणार.