टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ठीक, बंद पडली तर गेला. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागत नसेल तर चार्जिंग चोख. सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर दोष अल्टरनेटरचाच.

पहिला सल्ला सगळ्यात महाग पडणारा. बॅटरी व्होल्टेजचे चढउतारही झेलत असते. चार्जिंग चालू असताना ती एकदम तोडली की अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलमधला (चुंबक तयार करणाऱ्या वेटोळ्यातला) प्रवाह लगेच ओसरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. संरक्षण नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीत हा झटका ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), डायोड (अल्टरनेटरच्या एसी विजेची डीसी करणारे भाग), ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), काहीही उडेल. बरं, उत्तर तरी खरं मिळतं का? एक डायोड गेलेला अल्टरनेटरही आयडलवर इंजिन चालू ठेवू शकतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला तर चालू राहायला वीज जेमतेम लागते. ही युक्ती अल्टरनेटरच्या आधीच्या डायनॅमोच्या जमान्यातली. तेव्हा गाडीत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. हेडलाइट, ब्लोअर लावल्यावर आकडा १३ च्या खाली घसरला तर आधी बेल्ट, टर्मिनल आणि अर्थिंग बघा, मग अल्टरनेटर उतरवा. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र ईसीएम इंधन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतो. तिथे एकदा १२.८ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका.

दिव्याचं म्हणाल, तर चावी ऑन आणि इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब गेला तर दिवाही नाही आणि कदाचित चार्जिंगही नाही.

आणि सकाळी उतरलेली बॅटरी? लॉक करून अर्धा तास थांबा, मग गाडी किती प्रवाह ओढते ते मोजा. ५० मिलिअँपिअरच्या बरंच वर असेल तर वीज खाणारा चोर बहुधा दुसरीकडे आहे. माझ्याकडे तो डॅशकॅम निघाला: २५० मिलिअँपिअर, चार दिवसांत २४ अँपिअर-तास. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तोवर वायरमनने अल्टरनेटर खोलून ठेवला होता.